अबोलीचा गजरा

चीनच्या लढाईत मुलगा कामी आल्याची तार नाताळच्या आठवड्यात तंजावरला आली, तेव्हा सवेरियम्माळ घरात एकटीच होती. तिने ती बायबलात दडवली. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला ती देवमातेकडे एकच मागायची, सुनेला, ज्ञानमला, हे सांगायचा धीर दे. धीर काही व्हायचा नाही. मग येताना अबोलीचा गजरा आणून ज्ञानमच्याच वेणीत माळायची.

ईस्टरला मात्र ती रिकाम्या हाताने परतली. ज्ञानम नेहमीसारखी वेणी घालून, पाठमोरी बसली होती.

“आज फुलं नाहीत, पोरी. यापुढंही नाहीत.”

ज्ञानमने वळून पाहिलं नाही.

“बायबल मीही रोज वाचते, अत्तै. फुलं तुमच्यासाठी माळून घेत होते.”