वॉर्निंगकडं बघू नका
प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी कॉम्प्युटर लॅब अगदी अद्ययावत दिसावी या हौसेपायी विनोदिनी मॅडमनी एकच कमांड देऊन कंपायलर, म्हणजे मुलींचे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, अपग्रेड करून टाकला. मध्येच स्क्रीननं काहीतरी विचारलं. न वाचताच त्यांनी ‘हो’ दाबलं. आता निपाणीहून ये-जा करणाऱ्या समताचा प्रोग्राम काही केल्या चालेना. ज्या चुकीला जुना कंपायलर नुसती वॉर्निंग देऊन पुढं जायचा, तिथंच नवा अडून बसला. वर्षभर मॅडमच म्हणायच्या, “वॉर्निंगकडं बघू नका गं, चालतंय!” बाहेरचे परीक्षक समताच्या खुर्चीमागं थांबले. “असलं लिहायला कुणी शिकवलं तुला?” समतानं एकदाच मॅडमकडं पाहिलं आणि मान खाली घातली. “कुणी न्हाय सर. माझंच चुकलं.” परीक्षकांनी शून्य टाकलं. मॅडमनी तोंड उघडलं, “लई उकडतंय न्हाय?” म्हणाल्या आणि पंखा वाढवला.