बॅट टेकवली

कोविडमुळे यूएईमधल्या फुजैरातल्या मुलांचा बेसबॉलचा सीझन आखूड झाला होता. ही एक मॅच जिंकली की उर्वीची टीम थेट फायनलला. अण्णासाहेबांच्या पोटात मात्र वेगळंच दुखत होतं. नातीला क्रिकेट शिकवलं त्यांनी, आणि तिच्या तोंडी उठता-बसता त्या बेसबॉल कोच वसईकर अँड्र्यूचं कौतुक: "कोच सेज, कोच सेज." आजोबांचं नावसुद्धा नाही.

एकच रन हवी होती. उर्वीने सणसणीत फटका मारला, बॅट घेऊनच धावली आणि बेसवर पाय ठेवायचा सोडून लांबूनच बॅट टेकवली. आउट. मॅच खलास.

"हे कोणी शिकवलं गं तुला?" कोचने कपाळाला हात लावला.



"आजोबा सेज, ऑलवेज टेकव युवर बॅट."