सिंहाच्या जबड्यातील गोळा

छोंगवू गावातील समुद्रदेवीच्या नव्या देवळापुढे दगडी सिंह डोळ्यांवर तांबडे फडके बांधून बसला होता. जबड्यातील गोळा फिरवून पाहिल्यावाचून त्याचे डोळे उघडायचे नाहीत, असा गावचा प्रघात होता. हा गोळा सिंहाच्याच पाषाणातून, दातांच्या आतल्या आत कोरावा लागतो. तो सुटा फिरतो, परंतु बाहेर येत नाही.

सिंह घडवणारा योंगफू बाजूला उभा होता.

“लग्नातसुद्धा एवढा घाम नव्हता आला रे तुला,” हुआंग काकू म्हणाली. बायका हसल्या.

योंगफूचे वृद्ध गुरू त्साय पुढे आले आणि गावाकडे वळले.

“माझे कितीतरी गोळे फुटले. फुटला की अख्खा दगड टाकून द्यायचो. याचा पहिल्याच दगडात जमला. चेला गुरूच्या पुढं गेला.”

योंगफूने मान खाली घातली. त्याचा गोळा फुटला होता. तेव्हा त्याने सिंहाचा एक दात कापला, दुसऱ्या दगडाचा गोळा आत सारला, दात पुनश्च चिकटवला आणि सांध्यावर दगडाची पूड चोळली.

त्साय यांनी जबड्यात बोट घातले. गोळा गडगडला. लोकांनी समाधानाने माना डोलावल्या. बोट मात्र बाहेर आले नाही. ते दातावरून गेले, मागे आले आणि त्याच्या मुळाशी थांबले.

“काय झालं, आजोबा?” काकूने विचारले. “चावला की काय?”

“नाही,” त्साय म्हणाले. “छान फिरतोय.”

त्यांनी फडके सोडले, कुंचल्याने बुबुळांवर शेंदूर टेकवला आणि गोल आरसा योंगफूच्या हाती दिला. सूर्याचा कवडसा डोळ्यांत पडला म्हणजे सिंहाला दृष्टी येते. तो पाडण्याचा मान घडवणाऱ्याचा.

योंगफूने आरसा उन्हात धरला. कवडसा खांबावर गेला, आयाळीवरून घसरला आणि नेमका त्या दातावर येऊन थरथरू लागला.

गुरूंनी त्याच्या कोपराला खालून आधार दिला.

“वर घे, बाळा,” ते त्याच्या कानाशी म्हणाले. “तिथं धरलास तर सगळ्यांना दिसेल.”

कवडसा वर चढला. ढोल वाजू लागले. सारे गाव सिंहाच्या डोळ्यांकडे पाहत होते, आणि त्साय आपल्या बोटाला लागलेली दगडाची पूड सदऱ्याला पुसत होते, पुन्हा पुन्हा.