तिन्ही जोड बद्द

दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. काचेपलीकडच्या बंद खोलीत अप्पा कानांवर हेडफोन चढवून, हातात बटण धरून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. दिवा लागला म्हणजे कानात आवाज सोडला. बाहेर बसलेल्या त्यांच्या लेकीला, श्रीरंजनीला, दिवा दिसत होता. अप्पांचा अंगठा हलत नव्हता. ते हसऱ्या चेहऱ्याने आवाजाची वाट पाहत होते आणि तो त्यांच्या कानात कधीचा वाजत होता.

उठून काच ठोकावी, "अप्पा, आतां!" म्हणून ओरडावं, असं तिला वाटलं. पण तसं करून चालणार नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

विष्णुप्रसाद अप्पा तंजावूरकडच्या गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढे चाळीस वर्षं भजन म्हणत होते. त्यांच्या उजव्या हाताला तेवढीच वर्षं राजगोपाल टाळ घेऊन उभा. दोन वर्षांपूर्वी अप्पांना त्याचे टाळ बद्द वाटू लागले. हातात जोर राहिला नाही, मन भजनात नाही, असं काहीबाही चारचौघांत सुनावून शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "तूं आतां बैस." राजगोपालने टाळ देवापुढे ठेवले, नमस्कार केला आणि पुन्हा आला नाही. गेल्या मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, तो वारला. अप्पांनी कुंभकोणमच्या ओताऱ्याकडून नवे टाळ ओतवून घेतले. तेही बद्द. दुसरे ओतवले, तिसरे ओतवले. मग ओतारी चोर, कासं भेसळीचं, दुनियाच बिघडली, असा निकाल देऊन ते मोकळे झाले.

श्रीरंजनी रजेवर घरी आली आणि तिने तो गुंता एका वाक्यात सोडवला. "अप्पा, तिन्ही जोड बद्द कशे असतील? टाळ बरे आहेत. तुमचा कान बद्द जालाय." अप्पा दोन दिवस रुसले. एरवी त्यांना तीनदा हाक मारावी लागे, पण हे मात्र त्यांनी पहिल्या झटक्यात ऐकलं होतं.

आज सकाळी बसमध्ये रुसवा निघाला. तुझे तारे काय म्हणतात, असं त्यांनी आपण होऊन विचारलं. श्रीरंजनी खुलली. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा मागे उरलेला गाभा, त्याचं चुंबकत्व अचाट. तिथे जाऊन मोजायची सोय नाही. पण त्याचे क्ष-किरण उपग्रहावरच्या यंत्रापर्यंत येतात. त्यांचा आलेख काढला की एका जागी खळगा दिसतो, तेवढ्या ऊर्जेचे किरण त्या चुंबकत्वापायी वाटेतच गिळले गेलेले असतात. खळगा कुठे आहे ते पाहायचं, त्यावरून चुंबकत्व किती ते कळतं.

"मीं चार तारे मोजले, अप्पा. चारांतही खळगा येकाच ठायीं. तेहेतीसाच्या आंकड्यापाशीं."

"म्हणजे चौघांचें बळ येकसारखें?"

"तंतोतंत. कोणीं असलें पाहिलें नव्हतें. पांच वर्षें घातलीं मीं त्यांत."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची कायमची नोकरी या शोधावरच्या एका लेखावर ठरणार होती. छापण्यापूर्वीची शेवटची संमती संपादकांनी मागितली होती. तिरुविडैमरुदूरच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा तिने ती फोनवरून पाठवून दिली.

कान तपासणाऱ्या कीर्तीने अप्पांना बाहेर आणलं आणि कागद पुढे केला. रेघ सरळ चालत होती, एका जागी धाडकन खाली कोसळत होती आणि पुन्हा वर येत होती. तेवढ्या उंच पट्टीचा आवाज कानाला ऐकूच येत नव्हता. उजव्या कानाची रेघ जास्तच खोल.

"यंत्रात बिघाड नसेल ना?" श्रीरंजनीने तमिळमध्ये विचारलं.

"रोज सकाळी आधी माझ्याच कानाला लावून पाहते," कीर्ती म्हणाली. "माझ्या आलेखात खळगा येत नाही." मग ती अप्पांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, उजव्या कानापाशी बरीच वर्षं काही वाजत होतं का?"

"राजगोपाल," अप्पा म्हणाले.

त्याच टाळांनी तो कान खाल्ला होता, आणि आता तेच टाळ त्या कानात शिरत नव्हते. उपाय काय, तर नाही. कानात यंत्र बसवलं तर थोडा आधार होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. अप्पांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो वाजवीत होता," ते हळूच म्हणाले. "नीट वाजवीत होता."

क्षमा मागायला आता राजगोपाल नव्हता.

बस स्टँडच्या बाकावर अप्पा कागद गुडघ्यावर पसरून बसले. बोट रेघेवरून चालवत न्यायचे, खळग्याशी आलं की थांबायचे.

"रंजनी, तूं घरीं पाऊल ठेवलेंस आणि वळखलेंस," ते म्हणाले. "तिन्ही जोड बद्द, तर कान बद्द. येवढें साधें. मज दोन वर्षें कां नाहीं सुचलें?"

ती समजूत घालायला वाकली आणि अप्पांच्या बोटाखालच्या खळग्यावर तिची नजर खिळली. हातातला फोन थरथरला. तुमची संमती मिळाली, आभारी आहोत, असं त्यावर आलं होतं.

"अप्पा," ती कशीबशी म्हणाली, "चारही तारे मीं येकाच यंत्रानें पाहिले."