कापसाचे बोळे

कामावरून ती घरी आली तेव्हा बाबा ओल्या चादरीवर पडून घंटी वाजवत होते. वाजवून वाजवून मनगट थरथरत होतं. तिने चादर बदलली, त्यांना पाणी पाजलं आणि शेजारच्या खोलीचं दार ढकललं. भाऊ पुस्तक लिहीत बसला होता. तिला पाहून त्याने कानांतले कापसाचे बोळे काढून टेबलावर ठेवले. "बरी आलीस ताई, शेवट ऐक. इथला कण हलला की विश्वाच्या टोकावरच्या कणाला तत्क्षणी कळतं. दूर, वेगळं असं काही नसतंच." "आणि बाबांची खोली?" "भिंत हा नुसता भास आहे गं." तेवढ्यात भासापलीकडून घंटी वाजली. भावाचा हात सवयीने टेबलाकडे गेला, पण बोळे तिच्या मुठीत होते. "आज विश्वाच्या टोकाला तू जा," म्हणत तिने ते आपल्या कानांत कोंबले.