कॅसेटमधली खरखर

"माय, बाबाची कॅसेट नागपूरच्या स्टुडिओत देऊन देऊ न. एका दिवसात साफ करून देतीन ते," आशिष पुन्हा म्हणाला.

"दुसऱ्याच्या हाती नाही देत मी," इंदूबाई म्हणाल्या आणि माउस पकडायला लागल्या. बाण पडद्यावर भलतीकडेच पळाला.

वैशाली हसली नाही. सौसरच्या बुद्धविहारातल्या वाचनालयात ती बायांना कॉम्प्युटर शिकवायची. साठी उलटलेली विद्यार्थिनी मात्र पहिलीच.

इंदूबाईंचे यजमान प्रकाशराव पार पांढुर्ण्यापर्यंत भीमगीतांसाठी ओळखले जायचे. गाणी स्वतः रचणारा, स्वतः गाणारा कवी म्हणून. मागच्या साली ते गेले. घरात बसून भरलेली एकच जुनी कॅसेट राहिली. पांढुर्ण्याची जयंती समिती आता ती गाणी 'लोककवी प्रकाश' म्हणून इंटरनेटवर टाकणार होती. पण कॅसेटमध्ये नुसती खरखर.

आवाज साफ करायचं एक महागडं सॉफ्टवेअर आशिषने कुठून तरी चोरीचं आणलं होतं. त्यासोबत व्हायरस आला आणि कॉम्प्युटर दोन दिवस झोपला.

"फुकट दिसलं म्हणून कुठलंही उचलायचं नसतं, काकू," वैशालीने समजावलं. तिने ऑडॅसिटी नावाचं आवाज साफ करायचं दुसरं सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरून उतरवलं. "हे खुलं आहे. कोणीही वापरा, कोणीही आत डोकावून पाहा."

"म्हंजे कोनं बनवलं, ते लपून नाही राहात?"

"नाही. ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांची नावं आहेत इथं. हे पाहा."

इंदूबाईंनी चष्मा वर करून ती नावं बराच वेळ पाहिली. "बराबर आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या रोज येऊ लागल्या. बोरगावहून बस धरायची, दुपारभर बसायचं. टेपरेकॉर्डर वायरने जोडून गाणी कॉम्प्युटरमध्ये घेतली. खरखर कशी निवडायची, कशी काढायची, हे त्या चुकत चुकत शिकल्या. प्रकाशरावांचा आवाज स्वच्छ होत गेला, तशी वैशालीही बाकीची कामं सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसायची. नवऱ्याच्या आवाजासाठी या वयात एवढी धडपड कोण करतं?

आता फक्त दोन ओळींच्या मधे कोणाची तरी कुजबुज उरली होती.

"घरातलं कोणी बोलत असेल," वैशाली म्हणाली. "एवढं निवडायचं आणि खोडून टाकायचं. मग काकांचा आवाज एकदम मोकळा."

"आन मोठा कराचा असन तर?"

"काकांचा?"

"शिकवून त ठेवा, मॅडम."

वैशालीने तेही शिकवलं.

गाणी ऐकायच्या दिवशी समितीचे अध्यक्ष भगवंतराव आले. विहारात माणसं दाटीवाटीने बसली. आशिषने मोठा स्पीकर लावला. वैशालीने पडद्याकडे पाहिलं आणि ती चपापली. गाण्याच्या ओळींच्या मधल्या जागा कोऱ्या नव्हत्या, तिथेही आवाजाच्या रेघा होत्या.

ती वाकून हळूच म्हणाली, "काकू, ते खोडायचं राहून गेलं."

"राहून नाही गेलं."

"वहिनी, कराचं का सुरू?" भगवंतरावांनी विचारलं. "आमच्या कवीचे शब्द कानी पडू द्या."

"त्यासाठीच त शिकली, भाऊजी," इंदूबाई म्हणाल्या. या वेळी बाण कुठे पळाला नाही. त्यांनी बटण दाबलं.

स्पीकरमधून आधी इंदूबाईंचाच, पण तरण्या वयातला आवाज आला, लख्ख. "थांबा जी, पाटी नोका म्हनू, अक्षर म्हना. आत्ताच बदलली मी ते ओळ. माय येचे कापूस, लेक येचे अक्षर."

आणि मग प्रकाशरावांनी ती ओळ गायली.