साताऱ्याचा ‘नाही’

आमच्या हळदीच्या पेढीची ईमेलची पेटी एकच, पण कॉम्प्युटर दोन. एक सांगलीत माझ्याजवळ, दुसरा साताऱ्यात थोरल्या लेकाकडं, लालासाहेबाकडं. रोज सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही यंत्रं फोनवरून एकमेकांचं बघून घेतात आणि ज्यानं शेवटी बदललं त्याचंच खरं धरतात. हा कुठला न्याय? चार दिवस नात शिवांजली बंगळूरच्या नोकरीला ‘येते’ उत्तर लिहून ठेवती, रोज सकाळी साताऱ्यानं त्याचं ‘येत नाही’ केलेलं. आज मुदत संपणार. “लालातात्यांना विचारल्याबिगर कसं पाठवू, आजी?” पोरगी रडकुंडीला आली. “चार दिवस विचारतीसच की! कुठलं बटण दाबलं की पत्र जातं?” तिनं पुन्हा ‘येते’ लिहिलं आणि बटण दाखवलं. मी ‘येते’ तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि बटण दाबलं. संध्याकाळी लालासाहेबाचा फोन आला. “आई, पत्र कुणी पाठवलं?” “मीच. खोड की आता, बघू कसं खोडतोस.”